वापरलेलं पाणी पुन्हा वापरताना: किनाऱ्यावरच्या वाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांचं घर, आगर, घरगुती निवास किंवा छोटी सोसायटी आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. वाडीच्या बैठकीत, बावीवर आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात तेच घेतले आहेत.

आपल्याकडे एवढा पाऊस पडतो. मग न्हाणीचं पाणी कशाला जपायचं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र, त्यामुळे पडलेलं पाणी पऱ्ह्यांतून खाडीला मिळायला वेळ लागत नाही. एप्रिल उजाडला की कित्येक वाड्या टँकरची वाट बघतात.

किनाऱ्यावर याहून मोठं कारण आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. आपल्या बावीतलं गोडं पाणी जमिनीखाली समुद्राच्या जड, खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडं पाणी असतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पंप लावून वरची पातळी अर्धा फूट उतरवली, की कालांतराने खालून खारं पाणी २० फूट वर सरकू शकतं. मे महिन्यात बावीचं पाणी मचूळ लागायला लागतं ते बहुतेक वेळा यामुळेच. एकदा खारी झालेली बाव पुन्हा गोडी व्हायला कधी कधी अनेक पावसाळे जातात. माडांना न्हाणीचं पाणी दिलं तर तेवढं बावीतून उपसावं लागत नाही. माझ्या मते किनाऱ्यावर पाण्याच्या फेरवापराचा पहिला फायदा हाच आहे. पंपाचं वीजबिल वाचतं ते त्यानंतर.

कोणतं पाणी पुन्हा वापरता येतं?

अंघोळीचं, हातपाय धुतल्याचं आणि कपड्यांचं पाणी. याला सांडपाणी म्हणायचं. संडासातून येतं ते मैलापाणी. ते या कामात कुठेही येता कामा नये. सेप्टिक टँकच्या दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडणारं पाणी कितीही नितळ दिसलं तरी मैलापाणीच असतं, त्यात जंतू आणि जंतांची अंडी असतात.

स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी या दोन्हींच्या मधलं. नारळाच्या रसाची चरबी, तेल, पेजेतला स्टार्च आणि उष्टं खरकटं त्यात असतं. ते वापरता येतं, पण आधी चरबी अडवावी लागते.

घरात पाण्याच्या वाटा पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या तर पुढचं सगळं सोपं होतं. एकदा मैलापाणी मिसळलं की घरच्या घरी केलेली कोणतीही गाळणी ते सुरक्षित करू शकत नाही. घर बांधत असाल, तर गवंड्याला आणि प्लंबरला पायाच्या वेळीच सांगा: संडासाचा पाइप वेगळा, न्हाणीचा वेगळा, मोरीचा वेगळा. नंतर चिरा फोडून पाइप बदलायचं काम खर्चाचं असतं आणि मग ते राहूनच जातं.

गाळून, उकळून हे पाणी पिता येईल का?

नाही. नामिबियात विंडहूक शहर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं आणि सिंगापूरनेही २००३ पासून या पाण्याचे मोठे प्रकल्प चालवले आहेत, हे खरं. पण तिथे एकामागून एक अनेक टप्प्यांचं शुद्धीकरण असतं आणि पाण्याची सतत तपासणी होते. परसातल्या खडी-वाळूच्या गाळणीकडून ती अपेक्षा करू नका. या पाण्याने चूळ भरायची नाही, भांडी विसळायची नाहीत, बाळाला अंघोळ घालायची नाही.

एका घरातून असं किती पाणी मिळतं?

जल जीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांचं घर धरलं तर रोज २७५ लिटर. त्यातलं साधारण दोन तृतीयांश, म्हणजे १८० लिटरच्या आसपास, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आळ्यात पाणी देताना मोठ्या माडाला दर चार दिवसांनी २०० लिटर, म्हणजे रोजचे ५० लिटर, अशी शिफारस आहे. थोडक्यात, एका घराच्या न्हाणीवर तीन माड उन्हाळाभर तगतात. ज्यांचं आगर शंभर माडांचं आहे त्यांची शिंपण यातून भागणार नाही. घराजवळचे माड, केळी आणि फुलझाडं एवढंच यात बसवा.

गाळणी कशी करायची?

आधी न्हाणीच्या तोंडाशी जाळी, केस आणि साबणाचे तुकडे अडवायला. मोरीच्या पाइपावर चरबीचा सापळा: दोन कप्प्यांची छोटी बंद टाकी, ज्यात पाणी मधल्या भिंतीच्या खालून पुढच्या कप्प्यात जातं आणि चरबी वर तरंगत राहते. सोलकढी किंवा नारळाच्या रसाचं कालवण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून बघा. वर पांढरट, बोटभर जाडीची साय धरलेली असते, तिच्यात कढीपत्त्याची पानं अडकलेली. ही साय आठवड्यातून एकदा काढून मातीत पुरायची. ती पुढे गेली की खडीवर बसते आणि गाळणी तुंबते. गाळणी बंद पडल्याची तक्रार येते तेव्हा मी आधी हा सापळाच उघडून बघायला सांगतो.

त्यापुढे निवळायची टाकी, आणि मग खडीचा वाफा. वाफ्याला तळाशी जाड प्लास्टिक कापड किंवा सिमेंटचा गिलावा हवा, नाहीतर जांभ्यातून पाणी थेट खाली जाईल. पाणी आत येतं आणि बाहेर जातं त्या टोकांना मोठी खडी, मध्ये बारीक. त्यात कर्दळ लावा. कर्दळीची मुळं खडीत पसरतात, मुळांभोवती वाढणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. पाणी वाफ्यात दोन-तीन दिवस राहील एवढं माप ठेवा, आणि पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली तीन-चार इंच राहू द्या. वर पाणी दिसायला लागलं की डास आलेच.

समुद्राची वाळू वापरू नका. तिच्यातलं मीठ झाडांना नको आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं कायद्यातही बसत नाही.

पाणी टाकीत साठवून सवडीने वापरलं तर?

न गाळलेलं सांडपाणी २४ तासांच्या आत जमिनीत गेलं पाहिजे. त्यानंतर ते सडायला लागतं, कुजक्या अंड्याचा वास येतो आणि जंतू वाढतात. वाफ्यातून आलेलं पाणी झाकणाच्या टाकीत थोडं जास्त टिकतं, पण तेही रोजच्या रोज संपवलेलं बरं.

कोणत्या झाडांना चालतं?

माड सगळ्यात उत्तम. तो थोडा खारेपणा सोसतो, फळ उंचावर लागतं, आणि खोबरं सोडण-करवंटीच्या आत बंद असतं. केळीलाही चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत हाच विचार आहे: उंचावर फळ धरणाऱ्या पिकाला थेंब थेंब पाणी दिलं, तर पाण्यातले जंतू खाणाऱ्यापर्यंत पोचण्याची शक्यता फार कमी होते.

पोफळीला जपून द्या. तिची मुळं वरवर असतात, पाणी तुंबलेलं तिला सोसत नाही. शिवाय गळलेली सुपारी आपण हाताने जमिनीवरून गोळा करतो. जायफळाचंही तसंच, जायपत्री ओल्या मातीवर पडते आणि तीच मसाल्यात जाते. अशा झाडांखाली पाणी उघडं सोडू नका. पाइप पातेऱ्याखाली ठेवा, आणि वेचणीच्या दिवसांत हे पाणी बंद करून बावीचं द्या.

मोठ्या हापूसला तर देऊच नका. मोहोर यायला पावसाळ्यानंतर जमिनीला ताण बसावा लागतो. न्हाणीचा पाइप कलमाच्या बुंध्याशी सोडला की झाड पालवीवर जातं आणि मग मोहोर का आला नाही म्हणून विचारणा होते.

कोथिंबीर, मुळा, काकडी, टोमॅटो, पुदिना, म्हणजे जे कच्चं खातो, त्याला हे पाणी नाही. याला अपवाद करू नका.

आणि अळू? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या न्हाणीच्या पाण्यावरच अळू होतं.

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. परसातलं अळू न्हाणीच्या वाटेवर वाढायचं ही जुनी सोयच होती. फतफतं करताना अळू चांगलं शिजतं आणि त्या उकळीत जंतू मरतात. त्यामुळे केवळ अंघोळीच्या पाण्यावर वाढलेली, पाणी न उडालेली पानं धुऊन, पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. वडीचं पानही नीट उकडा.

पण जुन्या न्हाणीत शिकेकाई आणि राख होती. आता डिटर्जंट, ब्लीच आणि फरशीचं औषध असतं. म्हणून कपड्यांचं पाणी अळवाला सोडू नका, आणि गाळणीच्या वाफ्यात लावलेलं अळू खाऊ नका. तो वाफा घाण धरून ठेवायलाच केलेला आहे. तिथे कर्दळ लावायला सांगतो ती म्हणूनच, ती कोणी खात नाही.

तुळशीला आणि देवाच्या फुलांना?

तुळशीला बावीचं पाणी घाला. तिची पानं आपण कच्ची तोंडात टाकतो, तीर्थात घालतो, तेव्हा आरोग्याच्या नियमानेही तेच योग्य. जास्वंद, अनंत, सोनचाफा यांना मुळाशी हे पाणी चालतं. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी देवाची झाडं वेगळी ठेवावीत; बाकीच्या झाडांना पुरून उरेल एवढं पाणी असतं.

साबण-पावडरमुळे जमीन बिघडते का?

बिघडू शकते. कपड्यांच्या पावडरीत सोडियम असतं. ते साठलं की माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बरंचसं मीठ धुऊन जातं हे नशीब. तरीही पाइप महिन्या-महिन्याने वेगवेगळ्या आळ्यांत फिरवा, पावडर कमी वापरा, आणि ज्या दिवशी ब्लीच किंवा संडासाचं ॲसिड वापरलं त्या दिवशीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही क्षारांचं असतं, त्याने फरशी पुसा किंवा संडासात ओता.

मासळी धुतलेलं पाणी?

ताज्या मासळीचं, मीठ न लावलेलं पाणी माडाच्या आळ्यात खड्डा करून ओता आणि वर माती लोटा. सुक्या किंवा खारवलेल्या मासळीचं पाणी झाडाला नको. दोन्ही प्रकार गाळणीत मात्र जाऊ देऊ नका: खवले पाइपात बसतात, माश्या येतात, पाठोपाठ उंदीर येतात.

उंदरांची एवढी काळजी का?

लेप्टोमुळे. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात जातो आणि पायावरच्या साध्या चिरेतून अंगात शिरतो. आपल्या जिल्ह्यांत तो दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. उघडं वाहणारं सांडपाणी आणि त्यातलं खरकटं उंदरांना घराजवळ आणतं. म्हणून टाक्यांची झाकणं घट्ट हवीत, आणि वाफ्यात काम करताना गमबूट व हातमोजे हवेतच. ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि आपण पाण्या-चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग निदान लवकर होतं.

डास होतात, म्हणून शेजारी भांडतात.

शेजाऱ्यांचं बरोबर आहे. तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास होतो, झाकण नसलेल्या साफ पाण्यात डेंग्यूचा एडिस. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस उघड्यावर आणि टाकीत साठलेलं सगळं पाणी काढून कोरडं करा. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधा.

संडासाच्या फ्लशला वापरायचं असेल तर?

सोसायटी आणि निवासवाल्यांनी हे करावं, फायदा मोठा आहे. पण फ्लशचे तुषार उडतात, त्यामुळे पाणी गाळून नितळ करायचं आणि वर क्लोरिन द्यायचं. १००० लिटर गाळलेल्या पाण्याला ताज्या टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, १५ ते २० ग्रॅम ही सुरुवातीची मात्रा. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे शिल्लक क्लोरिन रंगावरून दाखवणारी चाचणी, करा. फ्लशच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक दिसलं पाहिजे. नसेल तर मात्रा वाढवा. आपल्या दमट हवेत उघड्या पिशवीतली टीसीएल लवकर निकामी होते, ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. टीसीएल आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

पाइप टाकताना कोणती चूक सगळ्यात धोक्याची?

पिण्याच्या आणि या पाण्याच्या पाइपांचा जोड. बाकी चुकांनी झाड सुकेल किंवा वास येईल, या चुकीने अख्खी वाडी आजारी पडते. नेदरलँड्ससारख्या देशात, युट्रेख्ट शहराच्या लाइड्स्के रेइन या नव्या वसाहतीत, २००१ साली अर्धवट शुद्ध केलेल्या पाण्याची वाहिनी पिण्याच्या वाहिनीला जोडली गेली आणि पोटाच्या विकाराची साथ आली. त्यानंतर तिथल्या सरकारने घरोघरी दुहेरी पाणी देण्याच्या मोठ्या योजना थांबवल्या.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. नळाला पाणी तास-दीड तासच येतं. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो, आतला दाब उतरतो, आणि जिथे बारीक गळती आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नळपाण्याचा पाइप सांडपाण्याच्या ओल्या चरातून जात असेल, तर दुसऱ्या दिवशीचा पहिला हंडा त्या चरातलं पाणी घेऊन येतो. म्हणून दोन्ही पाइपांत ३ मीटरचं अंतर ठेवा. जागाच नसेल तर पिण्याचा पाइप किमान अर्धा मीटर वर. एका टाकीत दोन्ही पाणी येईल असा व्हॉल्व्ह 'अडीअडचणीला' म्हणूनही बसवू नका. उन्हाळ्यात बावीचं पाणी सांडपाण्याच्या टाकीत सोडायचंच असेल, तर पाइपाचं तोंड टाकीच्या काठाच्या वर, हवेत मोकळं राहिलं पाहिजे.

या पाण्याचे पाइप जांभळ्या रंगाने रंगवा. जगात बऱ्याच ठिकाणी हाच रंग वापरतात. बागेतल्या नळाला चावी काढून घेता येईल अशी तोटी लावा. पाटीवर अक्षरांसोबत चित्रही हवं, कारण खेळून तहानलेलं पोर आणि मराठी न वाचता येणारा पाहुणा दोघेही समोर दिसेल त्या नळाला तोंड लावतात.

बाव किती लांब हवी?

शोषखड्डा किंवा मैलापाण्याचा खड्डा पिण्याच्या बावीपासून निदान १५ मीटर, म्हणजे ५० फूट, आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यात भेगा असतात, त्यातून पाणी न गाळलं जाता धावतं. तेव्हा जागा असेल तर अंतर दुप्पट ठेवा, आणि शेजाऱ्याची बावही तितक्याच काळजीने मोजा.

घरात कोणी आजारी असेल तर?

जुलाब, कावीळ, टायफॉइड असेल, किंवा बाळाचे मळके लंगोट धुतले, तर ते पाणी मैलापाणी समजून संडासात ओता. माणूस बरा झाल्यावरही आणखी काही दिवस तसंच करा.

पावसाळ्यात काय करायचं?

वाफ्याच्या आधी पाणी बाजूला वळवणारा पाइप ठेवा, आणि तो उघडून पाणी शोषखड्ड्याला लावा. झाडांना गरज नसते आणि भिजलेल्या जमिनीत ते मुरत नाही. पागोळ्यांचं पाणी गाळणीत येऊ देऊ नका, एका सरीत खडी वाहून जाईल.

गणपतीला, मे महिन्यात घर भरतं. तेव्हा सगळी व्यवस्था कोलमडते.

एरवी दोन म्हातारी माणसं राहतात त्या घरात चाकरमानी आले की पंधरा-वीस जण होतात. माप मे महिन्यातल्या माणसांचं घ्या, किंवा जादा पाणी आपोआप शोषखड्ड्यात जाईल अशी वाट ठेवा. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी तर भरलेल्या शनिवारचाच हिशेब धरावा. खाडीत किंवा पुळणीवर पाणी सोडून मोकळं होणं हा मार्ग नाही. किनारपट्टी नियमनात प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला बंदी आहे. आणि त्याच खाडीत पुढे कोणीतरी मुळे-तिसऱ्या काढत असतं.

टाकीत उतरून साफ करावं का?

सेप्टिक टँकमध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय कोणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडी बोलवा.

ग्रामपंचायतीकडून पैसे मिळतात का?

१५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी पंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवला आणि त्यात पाण्याचा फेरवापरही धरला. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातही सांडपाणी व्यवस्थापन आहे. ग्रामसभेत वाडीचं नाव घेऊन काम आराखड्यात घालायला लावा. घरोघरच्या गाळणीपेक्षा पाच-सहा घरांचा मिळून एक वाफा स्वस्त पडतो, फक्त सापळा कोणी कधी साफ करायचा ते आधी कागदावर ठरवा.

पाणी ठीक आहे हे कसं ओळखायचं?

काचेच्या बरणीत धरा. गढूळ दिसलं, वास आला, तर वाफा थकलाय. पण नितळ पाण्यातही जंतू असतात. म्हणून वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पाऊस लागल्यावर, जवळच्या बावीचं पाणी जलसुरक्षकाकडून तपासून घ्या. जंतू तपासायच्या एच टू एस बाटलीतलं पाणी दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पाणी पिणं थांबवा आणि घाण कुठून आली ते शोधा.

घर बंद करून मुंबईला जातो तेव्हा?

सापळा रिकामा करून धुवा, साठवण टाकी कोरडी करून झाकणावर चिरा ठेवा. क्लोरिनचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा, पण खिडकीपाशी नाही, ठेवा. कर्दळ मुळापर्यंत छाटली तरी चालते, पाऊस पडला की फुटते. उन्हाळ्यात जात असाल तर शेजारच्यांना वाफ्यात आठवड्याला चार बादल्या पाणी ओतायला सांगा, नाहीतर कर्दळ आणि जिवाणू दोन्ही मरतात. परत आल्यावर पहिला आठवडाभर सगळं पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या. जिवाणूंना पुन्हा जम बसवायला तेवढा वेळ लागतो.